अनेकांच्या हातची कथा : सामायिक कथाविश्वातील प्रमाण आणि सातत्य

एखादी कथा एकाच लेखकाने लिहिली, ती छापली गेली आणि तिथेच संपली, तर तिच्यात काय घडले आणि काय घडले नाही याविषयी फारसा वाद होत नाही, कारण पुस्तक उघडले की निवाडा होतो. ज्या कथेत मात्र अनेक पिढ्यांनी, अनेक गावांनी किंवा एकाच प्रकाशनसंस्थेसाठी लिहिणाऱ्या अनेक लेखक-चित्रकारांनी भर घातलेली असते, तिच्याबाबत निवाडा देणारे असे एकच पुस्तक नसते. पात्रे आणि स्थळे तीच राहतात, सांगणारे बदलत जातात, आणि प्रत्येक सांगणारा आधीच्याचे काही घेतो, काही टाळतो, काही पदरचे घालतो. अनेकांच्या मालकीच्या अशा कथाजगताला येथे ‘सामायिक कथाविश्व’ म्हटले आहे. त्याच्या अभ्यासात दोन संज्ञा सतत येतात. पहिली ‘कॅनन’ किंवा प्रमाणकथा, म्हणजे त्या जगाविषयी जे जे सांगितले गेले त्यांपैकी कोणते खरोखर घडले असे धरून पुढचे सांगायचे, याविषयीची मान्यता. दुसरी ‘कंटिन्यूइटी’ किंवा कथासातत्य, म्हणजे एका भागात जे घडले त्याची दुसऱ्या भागाला असलेली आठवण; पहिल्या भागात मेलेला माणूस चौथ्या भागात कारण न सांगता पंगतीला येऊन बसू नये, ही वाचकाची साधी अपेक्षा.

या दोन गोष्टी एकच समजल्या जातात, पण त्या एक नव्हेत. शेरलॉक होम्सच्या चार कादंबऱ्या आणि 56 लघुकथा सर्वच्या सर्व आर्थर कॉनन डॉयल यांच्या असून त्या निर्विवाद प्रमाण मानल्या जातात. तरीही 1887 च्या पहिल्या कादंबरीत डॉक्टर वॉटसनला लागलेली गोळी खांद्यात आहे आणि 1890 च्या दुसऱ्या कादंबरीत ती पायात आहे. म्हणजे कथा प्रमाण असून सातत्य तुटते. उलट, ‘स्टार वॉर्स’च्या जगात अनेक लेखकांनी कित्येक वर्षे एकमेकांशी जुळवून लिहिलेल्या कादंबऱ्यांचा मोठा पसारा होता, आणि तो पसारा डिस्नेकडे मालकी गेल्यानंतर 2014 साली एका घोषणेने ‘दंतकथा’ या सदरात टाकला गेला. सातत्य शाबूत होते, प्रमाणत्व काढून घेतले गेले. विसंगती डॉयल यांच्याकडे होती आणि शिक्षा मात्र दुसरीकडेच झाली, यावरून एक गोष्ट उघड होते, आणि पुढील विवेचनाचा तोच मुख्य आधार आहे: प्रमाण ठरवण्याची निकड विसंगतीमुळे येत नाही, ती हक्कामुळे येते. जोवर कुणाचा हक्क, मान किंवा पैसा एखाद्या पाठावर अवलंबून नसतो, तोवर परस्परविरोधी गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

हा विषय सहसा अमेरिकी चित्रपट आणि जपानी चित्रकथा यांच्या उदाहरणांनी मांडला जातो. मराठी वाचकाला त्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नाही. नागपूर–इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याच्या पुढे लागणारे तिगाव आणि त्याभोवतीचा पांढुर्णा–सौंसरचा मुलूख हा या अभ्यासासाठी सोयीचा आहे, कारण येथे कथा एकाहून अधिक दिशांनी येतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि पुढे 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, अशी येथली रीत. घरच्या देव्हाऱ्यापाशी मराठी पोथी आणि दप्तरात हिंदी चित्रकथा असणाऱ्या मुलाला एकाच पात्राची दोन चरित्रे ऐकण्याची सवय असते, आणि ही सवय अभ्यासकाला पुष्कळ उशिरा लागते.

पुढे जाण्यापूर्वी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. रामायण, महाभारत किंवा महानुभावांचे ग्रंथ यांचा उल्लेख येथे होत असला, तरी श्रद्धावंतांच्या दृष्टीने ही कल्पित कथा नव्हे, आणि तसे सुचवण्याचा हेतूही नाही. विचार आहे तो फक्त पाठ कसा जपला गेला, त्यात भर कशी पडली आणि मतभेद कसे हाताळले गेले, एवढ्यापुरता. या बाबतीत श्रद्धेच्या परंपरांनी जी शिस्त कमावली ती व्यापारी कथाविश्वांना अजून साधलेली नाही.

या शिस्तीचा सर्वांत नेमका नमुना मराठीच्या आरंभीच सापडतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी शिष्य म्हाइंभट यांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे संकलित केल्या. तोच ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ. रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्यात आहे. चक्रधर स्वतः ग्रंथ लिहून ठेवणारे नव्हते, त्यामुळे त्यांच्याविषयी जे काही होते ते शिष्यांच्या आठवणीत विखुरलेले होते, आणि आठवण म्हटली की माणसागणिक फरक आला. म्हाइंभटांनी ज्याच्यासमोर जी लीळा घडली त्याला गाठून ती विचारली आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून तिची खातरजमा करून घेतली. येथे प्रमाण ठरवणारी व्यक्ती स्पष्ट आहे, तिचा अधिकार पंथाने मानलेला आहे, आणि तरीही संकलनाची पद्धत एकाच आवाजाची झाली नाही.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली आणि ग्रंथ पुन्हा आठवणीतूनच उभा करावा लागला. ज्यांना तो पाठ होता त्यांत हिराइसा हे नाव महत्त्वाचे आहे. आता एकाऐवजी अनेक पाठ तयार झाले, आणि या अवस्थेत पंथीयांनी जी युक्ती योजली ती सामायिक कथाविश्वाच्या प्रत्येक संपादकाने अभ्यासावी अशी आहे. लीळा सांगून झाल्यावर, तीच लीळा दुसऱ्याला वेगळी आठवत असेल, तर तो फरक त्याच्या नावानिशी ‘वासना’ म्हणून नोंदवला जाई. कुणाच्या आठवणीत प्रसंग दुसऱ्या गावचा असतो, कुणाच्या आठवणीत प्रश्न विचारणारा वेगळा असतो, कुणाच्या आठवणीत एखादे वाक्य अधिक असते. संपादकाने यांपैकी एक निवडून बाकीची पुसून टाकली नाहीत, आणि सगळ्यांची मोट बांधून एक गुळगुळीत गोष्टही बनवली नाही. मुख्य पाठ मुख्य राहिला, मतभेद त्याच्या अंगाला लागून राहिले, आणि प्रत्येक मतभेदावर कुणाचे तरी नाव राहिले. आजच्या व्यापारी कथाविश्वांत विसंगती ही लाजेची बाब मानली जाते आणि ती झाकण्यासाठी नवी कथा रचली जाते. येथे विसंगती ही साक्षीदारांची संख्या दाखवणारी गोष्ट आहे.

तरीही सगळेच मोकळे सोडलेले नव्हते. चक्रधरांची वचने केसोबासांनी लीळांमधून वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, आणि ती वचने कोणत्या प्रसंगी उच्चारली गेली हे सांगणारे निराळे वाङ्मय तयार झाले. या वाटणीत एक बारीक विवेक आहे. वचन अढळ, प्रसंग मात्र चर्चेला खुला. गाव चुकले तर वासनेत नोंद होईल, वचनातला शब्द हलता कामा नये. पुढे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले गेल्याने पंथाबाहेरच्याला ते वाचताच येईनात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला भरही घालता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली, तोवर हे कुलूप टिकले.

कुलूप लावण्याची दुसरी तऱ्हा एकनाथांची. हस्तलिखितांतून उतरत आलेल्या ज्ञानेश्वरीत अनेकांनी आपापल्या ओव्या घातल्या होत्या. एकनाथांनी शके 1506 म्हणजे इ.स. 1584 मध्ये प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे त्यात कुणी ओवी घालू नये अशी कडक ताकीद ग्रंथाच्या शेवटी जोडली. गंमत अशी की त्याच एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात अपुरे राहिले आणि ते त्यांचे शिष्य गावबा यांनी पुरे केले, आणि वारकरी घरांत ते एकच ग्रंथ म्हणून वाचले जाते. एकाच माणसाच्या नावाशी एक बंद ग्रंथ आणि एक दुसऱ्याने पुरा केलेला ग्रंथ, दोन्ही जोडलेले आहेत. ज्ञानेश्वरीत भर घालणारे अनाहूत होते, गावबा परंपरेतले होते, एवढाच त्यांतला फरक. ओव्यांची गुणवत्ता हा निकष दोन्हीकडे दुय्यम ठरला.

पाठशुद्धीचा आधुनिक काळातला सर्वांत मोठा उद्योगही महाराष्ट्रातच झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, वि. स. सुखटणकर 1925 पासून तिचे प्रमुख संपादक झाले, आणि 1259 हस्तलिखितांच्या आधारे ते काम 1966 साली पूर्ण झाले. या आवृत्तीने जे श्लोक नंतर शिरलेले ठरवले ते फेकून दिले नाहीत, तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवले. पण मुख्य पाठातून गेलेल्यांत व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, हा प्रसंगही होता. मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असलेला हा प्रसंग परिशिष्टात गेला म्हणून महाराष्ट्रातल्या एकाही चित्रातून, कीर्तनातून किंवा गणेशोत्सवाच्या देखाव्यातून तो गेला नाही. सुखटणकरांचा प्रश्न होता सर्वांत जुना पाठ कोणता; ऐकणाऱ्यांचा प्रश्न होता महाभारतात काय घडले. दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येणारच, आणि यांत कुणी अडाणी ठरत नाही. प्रमाण हे नेहमी कुठल्यातरी कामासाठी प्रमाण असते, हे विसरले की विद्वानांचा आणि श्रोत्यांचा विनाकारण झगडा लागतो.

ग्रंथ सोडून भूगोलाकडे वळले की चित्र आणखी मजेचे होते. पांडवांच्या अज्ञातवासाचे विराटनगर कोणते, याविषयी चिखलदऱ्याला शंका नाही: भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत लोटले ती दरी तेथे दाखवली जाते, आणि जवळच्या उंच जागेला वैराट असेच नाव आहे. साताऱ्याकडच्या वाईलाही शंका नाही, तीही विराटनगरी म्हणवते. आणि राजस्थानातल्या बैराटला तर इतिहासाच्या अभ्यासकांचा पाठिंबा आहे. पचमढीला पांडवांच्या म्हणून पाच लेणी दाखवतात, आणि भस्मासुराच्या धाकाने महादेव जिथे दडला त्या जागाही तिथल्याच. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ वाहणाऱ्या आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या वाटेने चढणाऱ्या वऱ्हाडी-नागपुरी यात्रेकरूंच्या दृष्टीने ही कथा पुराणात कशी आहे यापेक्षा ती या कड्याकपारींत कशी बसते याला महत्त्व आहे. सौंसरजवळच्या जामसावळीला हनुमानाची मूर्ती पिंपळाखाली निजलेल्या स्थितीत आहे. ती आधी उभी होती, तिच्याखाली धन असल्याच्या संशयाने लोक ती हलवायला आले तेव्हा ती आडवी झाली आणि मग कुणालाही हलेना, असे सांगतात. वाल्मीकीच्या रामायणात या घटनेला जागा नाही, पण तिला विरोध करणारे त्यात काही नाही. सामायिक कथाविश्वात नव्या सांगणाऱ्याला सर्वांत सुरक्षित जागा हीच: मूळ कथेने जिथे मौन पाळले आहे ती.

मौनाच्या जागी भर घालणे सोपे. जिथे उघड विरोध येतो तिथे काय करावे, याचे उत्तर पुराणिकांनी फार पूर्वी शोधून ठेवले आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, तो 432 कोटी वर्षांचा, आणि प्रत्येक कल्पात सृष्टी नव्याने होऊन त्याच देवतांच्या लीला पुन्हा घडतात. म्हणून एका पुराणात गणपतीचा जन्म एका प्रकारे आणि दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारे सांगितला असेल, तर दोन्ही खरेच, फक्त कल्प वेगळे. याला ‘कल्पभेद’ म्हणतात, आणि शंकेखोर श्रोत्याला गप्प करण्यासाठी कीर्तनकार आजही त्याचा आधार घेतात. अमेरिकेच्या डीसी या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेने 1961 साली आपल्या वीरांपैकी जुना फ्लॅश आणि नवा फ्लॅश हे दोन वेगवेगळ्या पृथ्वींवर राहतात असे सांगून आपली अडचण सोडवली, पुढे पृथ्वींची गर्दी इतकी झाली की 1985–86 मध्ये एक प्रलय घडवून त्या सगळ्यांची एक करावी लागली. पुराणिकांना प्रलय आधीच उपलब्ध होता. कल्पभेदाची मात्र एक किंमत आहे: सर्वच विरोध त्याने मिटतात म्हणून कोणताच विरोध मग विचार करण्याजोगा राहत नाही, आणि दोन सांगणाऱ्यांनी वेगळे का सांगितले हा खरा प्रश्न अनुत्तरित राहतो. लीळाचरित्रातली वासना या दृष्टीने अधिक प्रामाणिक आहे, कारण ती फरकाला नवे विश्व देत नाही, माणसाचे नाव देते.

आतापर्यंतची उदाहरणे लिखित परंपरेची किंवा तिच्या छायेतली होती. जिथे कथेला पोथी नाही, केवळ लोकांचे सांगणे आणि वर्षातून एकदा होणारी कृती आहे, तिथे प्रमाण कसे टिकते, हे पांढुर्ण्याच्या गोटमारीत पाहायला मिळते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, नागपुरात मारबत नावाच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा येथे नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावला जातो आणि दोन्ही काठांचे लोक एकमेकांवर गोटे भिरकावतात. पांढुर्णेकरांनी गोट्यांच्या माऱ्यातून पुढे जाऊन, कुऱ्हाडीने झाड तोडून झेंडा काढावा आणि सावरगावकरांनी त्यांना परतवावे. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या मंदिरात वाहून खेळ संपतो. शेकडो लोक जखमी होतात, आजवर अनेकांचा जीवही गेला आहे.

या कृतीमागची कथा प्रेमाची आहे. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून आणले, ती दोघे नदीत असताना मुलीकडच्यांनी गोटे मारले, हे पाहून मुलाकडचेही मारू लागले. एवढा भाग बहुतेक सगळे सारखाच सांगतात. पुढे मात्र फाटे फुटतात. काहींच्या सांगण्यात दोघेही पाण्यातच मरतात, मग दोन्ही गावांना पश्चात्ताप होतो आणि देह चंडीमातेपुढे नेले जातात. काहींच्या सांगण्यात ती पार होतात. आणि तिसरे सांगणे प्रेमकथाच बाजूला सारते: भोसल्यांच्या काळात सैनिकांना गोफण-गोट्यांच्या लढाईचा सराव व्हावा म्हणून ही चाल पडली. या सांगण्यांत केवळ तपशिलाचा फरक नाही. एकात हा पश्चात्तापाचा विधी आहे, दुसऱ्यात सुटकेचा जल्लोष आहे, तिसऱ्यात कवायत आहे.

एवढा विरोध असूनही नदीच्या पात्रात गोंधळ होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. झाड कुठल्या जातीचे, ते कुठे रोवायचे, कोणत्या काठाने चढाई करायची, झेंडा शेवटी कुठे जायचा, दिवस कोणता, यांबाबत दोन्ही गावांचे एकमत आहे; मुलगी वाचली की मेली याबाबत नाही, आणि त्याची कुणाला अडचणही होत नाही. म्हणजे ज्यावर कृती अवलंबून आहे तेवढेच प्रमाण, बाकीचे मोकळे. लीळाचरित्रात जे स्थान वचनाचे तेच येथे पळसाचे. अशा अढळ बाबींना या विवेचनात ‘आधारबिंदू’ म्हटले आहे, आणि कोणत्याही सामायिक कथाविश्वाचा अभ्यास त्याचे आधारबिंदू ओळखण्यापासून सुरू करावा, असे येथे सुचवावयाचे आहे. ते ओळखण्याची एक कसोटी अशी की त्यांना कुणी हात लावला तर लोक ताबडतोब आणि एकमताने विरोध करतात. प्रशासनाने जीव वाचवण्याच्या रास्त हेतूने एकदा गोट्यांच्या जागी रबरी चेंडू पुरवले होते. ते चालले नाहीत. कथा बदलली असती तर कदाचित कुणाच्या लक्षातही आले नसते, गोटा बदलला आणि तो लगेच नाकारला गेला. या नकाराचे समर्थन करण्याचे कारण नाही, फुटलेली डोकी खरी असतात; परंतु तो का होतो हे समजून घेतल्याशिवाय त्याला पर्यायही सापडणार नाही.

तिगावसारखी आसपासची गावे या लढाईत कोणत्याही काठाची नसतात. तेथून पाहायला येणाऱ्याने दोन्ही बाजूंची सांगणी ऐकलेली असतात आणि कोणत्याही एकावर त्याचा मान अवलंबून नसतो. म्हणून ‘कुणी असे सांगते, कुणी तसे’ हे वाक्य त्याच्या तोंडी सहज येते. कथाविश्वाच्या काठावर असलेला हा श्रोता अभ्यासकाच्या उपयोगाचा आहे, कारण परंपरेतले फरक तोच एकत्र साठवतो.

व्यापारी कथाविश्वात आधारबिंदू कोणते हे मात्र लोकांच्या कृतीतून ठरत नाही, ते खपातून उमगते. या भागात हिंदी वाचणाऱ्या मुलांच्या हाती 1980 च्या दशकापासून आलेले सर्वांत मोठे भारतीय कथाविश्व म्हणजे दिल्लीच्या राज कॉमिक्सचे. नागराज 1986 मध्ये आला, अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव 1987 मध्ये, मुंबईत राहणारा डोगा त्यानंतर. सुरुवातीला प्रत्येकाचे जग वेगळे होते. 1990 च्या दशकाच्या आरंभी नागराज आणि ध्रुव एका अंकात भेटले आणि त्या क्षणी दोघांच्या मागच्या सर्व कथा एकाच जगात घडलेल्या ठरल्या. दोन वीरांची भेट वाचकाला मेजवानी वाटते, लेखकाला मात्र ती मागच्या प्रत्येक अंकाचा हिशोब मागते.

नागराजची सुरुवातीची चित्रे ज्यांच्या हातून दीर्घकाळ उतरली ते प्रताप मुळीक पुण्याचे, अमर चित्रकथेच्या अंकांमुळे आधीच नावाजलेले. परशुराम शर्मा यांनी लिहिलेल्या पहिल्या कथेत नागराज हे प्राध्यापक नागमणीने दहशतवाद्यांना विकण्यासाठी तयार केलेले हत्यार आहे. त्याच्या डोक्यात बसवलेली नियंत्रणाची कुपी बाबा गोरखनाथ काढून टाकतात आणि तो सज्जनांच्या बाजूला येतो. ज्या घरात ‘नवनाथ भक्तिसार’ ही 1819 ची धुंडीसुत मालूंची पोथी वाचली जाते, तिथल्या वाचकाला हे गोरखनाथ ओळखीचेच होते, आणि राज कॉमिक्सने एका फार जुन्या सामायिक विश्वातून आपला पहिलाच पाहुणा आणला होता, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

1990 च्या दशकाच्या मध्यावर नागराजची सूत्रे अनुपम सिन्हांकडे गेली आणि जन्मकथा पालटली. आता नागराज हा राजा तक्षकराजाचा पुत्र, दैवी कृपेने जन्मलेला. नागमणीने आपण त्याला घडवल्याचा जो दावा केला होता तो खोटा. जुना अंक रद्द केला नाही, त्यातल्या खलनायकाला खोटारडे ठरवले. आधी सांगितलेल्या घटनेचा अर्थ मागाहून बदलण्याच्या या युक्तीला जगभर ‘रेटकॉन’ म्हणतात, आणि हिंदी चित्रकथांत तिचा इतका नीटस वापर विरळा. येथेही आधारबिंदू स्पष्ट दिसतात: हिरवी कातडी, अंगात वसणारे सर्प, विषारी फुंकर. यांना कुणी हात लावला नाही. जन्म, जो माणसाच्या चरित्रात सर्वांत निश्चित मानला जातो, तोच सर्वांत आधी बदलला गेला. पुढे ‘नागायण’ ही रामायणाच्या धर्तीवरची मालिका एका संभाव्य भविष्यात रचली गेली आणि मुख्य प्रवाहापासून वेगळी ठेवली गेली, म्हणजे कल्पभेदाचा पर्यायही वापरून झाला.

मराठीत याला जवळचे उदाहरण शोधायचे तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे घेता येईल. विद्याभवनातला हा शाळकरी बनेश 1980 च्या दशकात दूरदर्शनवर आला, 2017 च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा झाला, आणि स्वतः भागवत त्या चित्रपटात एक पात्र होऊन आले, ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. लेखकालाच कथेत ओढून घेतले की नव्या भरीला त्याची संमती असल्याचा आभास होतो. युक्ती चतुर आहे. गावबांना ती सुचली नाही, त्यांना तिची गरजही नव्हती. फेणेचा ‘टॉक’ हा आवाज मात्र शाबूत राहिला.

राज कॉमिक्सचे पुढचे वळण या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधक आहे. 2020 नंतर संजय, मनोज आणि मनीष गुप्ता या तिघा भावांची प्रकाशने आपापल्या नावांनी वेगळी झाली, आणि तेच नागराज-ध्रुव-डोगा एकाहून अधिक छापांखाली निघू लागले. प्रत्येक छाप कायदेशीर, प्रत्येकाचा वारसा खरा, जुने अंक सर्वांचे. आणि पुढची कथा प्रत्येकाची वेगळी. पंथाला नागदेवाचार्य होते, महाभारताला संपादक मंडळ लाभले, पांढुर्णा-सावरगावला नदी आहे. या विश्वात अशा स्थानी आज कुणीच नाही. म्हणून संग्राहक वाचक स्वतःच हिशोब ठेवतात: अमुक कथा अमुक छापाच्या नागराजच्या बाबतीत घडली, तमुक कथा दुसऱ्याच्या. प्रत्येक फरकापुढे सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याची ही पद्धत त्यांना कुणी शिकवलेली नाही, आणि तिन्ही छापांचे अंक विकत घेणारे अनेक जण त्यांतला एकच खरा मानण्याची घाईही करत नाहीत.